ग्रीन कार्डाचा अर्ज कोणाच्या नावावर?

अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३,३१,६०२ झाली आणि चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर गेला. यातली बहुसंख्य मुलं पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली. एम.एस. झालं की एक वर्ष ओपीटी या शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी दोन वर्षं मिळतात. तेवढ्यात एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या सोडतीत नाव लागावं लागतं. वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. पुण्या-मुंबईच्या घरांमध्ये चिंता असते ती या सोडतीची, कारण तिचा निकाल काही महिन्यांत कळतो. खरा पेच त्यानंतर सुरू होतो, आणि तो इतका संथ आहे की बरीच वर्षं तो पेच वाटतच नाही.

नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचा अर्ज साधारणपणे उमेदवार करत नाही, कंपनी करते. आधी ‘पर्म’: या जागेसाठी पात्र आणि तयार असा स्थानिक माणूस मिळत नाही, हे जाहिराती देऊन कंपनीने कामगार खात्याला दाखवायचं. मग आय-१४० हा अर्ज, तोही कंपनीचाच. तो मंजूर झाला की कर्मचाऱ्याने स्वतः करायचा शेवटचा अर्ज उरतो, पण त्यासाठी त्याची ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, यावी लागते. इथे घोडं अडतं. १९९०च्या कायद्याने या वाटेने वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं ठेवली, तीही नवरा-बायको-मुलं धरून, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्के, म्हणजे सुमारे ९,८००. इतर देशांच्या उरलेल्या जागा काही वर्षी भारताकडे वळतात, तरीही २०२५च्या अखेरीस ईबी-२ या वर्गात भारतीयांची तारीख २०१३च्याच आसपास रेंगाळत होती. एच-१बीची मुदत एरवी सहा वर्षांची. पण आय-१४० मंजूर असेल आणि तारीख यायची असेल तर ती तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळते. २०००च्या कायद्याने दिलेली ही सवलत माणुसकीची होती. तिच्यामुळेच तात्पुरता परवाना लोकांच्या अर्ध्या नोकरीला पुरून उरला.

रांग लांब आहे हे दुखणं सगळ्यांना दिसतं. मला अधिक गंभीर वाटतं ते हे, की एकदोन वर्षांच्या मध्यस्थीसाठी योजलेला मालक या रांगेमुळे दशकभराचा पालक होऊन बसला आहे. मधल्या काळात नोकरी बदलली तर जुनी तारीख तेवढी टिकते. पर्म आणि आय-१४० नव्या कंपनीने पुन्हा पहिल्यापासून करायचं. त्याच कंपनीत वेगळ्या स्वरूपाच्या कामावर बढती मिळाली तरी हेच करावं लागू शकतं. नोकरी गेली तर नवा मालक शोधायला फार तर साठ दिवस. कसायची आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशातला हा प्रकार. अशा माणसाला पगार वाढवून मागताना दहादा विचार करावा लागतो आणि स्वतःचा उद्योग काढण्याचा विचार तर बाजूलाच ठेवावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की मालकाची अट स्थानिक कामगारांच्या रक्षणासाठी आहे. हेतू रास्तच आहे. पण ती परीक्षा एकदाच होते, अर्जाच्या वर्षातल्या बाजारभावाने, आणि पुढे दहा-बारा वर्षं कोणी ती पुन्हा घेत नाही. उलट, सोडून जाऊ न शकणारा कर्मचारी शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन माणसाचीही घासाघीस कमजोर करतो. दुसरा आक्षेप देशवार मर्यादेच्या बाजूने येतो: ती काढली तर भारतीयच सगळ्या जागा घेतील आणि बाकीचे ताटकळतील. ही भीती निराधार नाही. २०१९ साली ही मर्यादा उठवणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालं, पुढच्या वर्षी सिनेटने त्याची वेगळी आवृत्ती मंजूर केली, पण दोन्हींचा मेळ बसला नाही. तो वाद चालू राहो. माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. तिसरा आक्षेप आपल्याकडेच जास्त ऐकू येतो: जाणूनबुजून गेले, मग तक्रार कसली? बाविसाव्या वर्षी कर्ज काढून जाणाऱ्याला हा हिशेब नीट मांडता येतो असं मानणं कठीण आहे, कारण या तारखा पुढे सरकतात तशा मागेही जातात. आणि आईवडिलांबरोबर तान्हेपणी गेलेली, एकवीस वर्षं पूर्ण होताच आश्रित म्हणून मिळालेला दर्जा गमावणारी मुलं तर काहीच जाणून गेली नव्हती.

मालकाचा हात वेळेवर सोडवता येतो. जर्मनीत तिथल्याच विद्यापीठाची पदवी घेतलेला परदेशी पदवीधर दोन वर्षं पात्रतेची नोकरी, पेन्शनचे हप्ते आणि पुरेशी भाषा एवढ्यावर कायम वास्तव्याचा अर्ज स्वतः करतो. अमेरिकेतही दार आहे: शेवटचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले की तशाच स्वरूपाची नोकरी दुसरीकडे धरता येते. फक्त तो दाखल करायला तारीख लागते. जुलै २००७ मध्ये जवळजवळ सगळ्यांच्याच तारखा एकदम खुल्या झाल्या आणि लगेच बंद केल्या गेल्या, तेव्हा भारतीयांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’तली गांधीगिरी करत इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. काही दिवसांत निर्णय फिरला आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत अर्ज घेतले गेले. कार्डं वाढली नाहीत, त्यानंतरही अनेकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, पण नोकरी बदलण्याची मोकळीक हातात ठेवून. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ वर्गातल्या भारतीयांसाठी अशीच खिडकी थोडी उघडली. दोन्ही वेळा कायद्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही; बदलल्या त्या परराष्ट्र खात्याच्या मासिक पत्रकातल्या तारखा.