धातुशोधक आपल्याला का फसवतो?

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी पाठीतून शरीरात शिरली. पण ती कोठे रुतली आहे, हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षे होती. टेलिफोनमुळे प्रसिद्धीस आलेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. त्यांनी ‘प्रवर्तन तुला’ हे उपकरण सिद्ध केले. धातू जवळ आला, की त्याला जोडलेल्या टेलिफोनमध्ये आवाज उमटे. १ ऑगस्टला तपासणी झाली, तेव्हा आवाज आला खरा. पण एका ठिकाणी नव्हे, तर मोठ्या भागावर! अध्यक्षांच्या अंथरुणाखाली पोलादी तारांची गादी आहे, हे बेल यांना नंतर समजले. शिवाय डॉक्टरांच्या सांगण्यावरून शोध शरीराच्या उजव्या बाजूलाच चालला होता. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, खोलवर सापडली.

धातू आहे की नाही, असला तर कोणता आणि किती खोल, यांपैकी काहीच त्या आवाजावरून ठरत नव्हते. आजच्या धातुशोधकाचीही मूळ अडचण हीच आहे. ती समजून घेण्यासाठी त्याचे कार्य पाहू.

धातुशोधकात तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्‌प्रवाह सोडला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातू आला, तर फॅरडे यांच्या नियमानुसार त्यात प्रवाह प्रवर्तित होतात. ते पाण्यातील भोवऱ्यासारखे गोल फिरतात, म्हणून त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते आणि उपकरण वाजते. म्हणजे उपकरणाला धातू ‘दिसत’ नाही. क्षेत्रात बदल झाला एवढेच त्याला कळते.

मग धातूशिवायही असा बदल झाला तर? महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. पॉलिथिनच्या पिशवीत चुंबक घालून तो नदीच्या वाळूतून फिरवा; काळे कण पिशवीला चिकटलेले दिसतील. अशा जमिनीवर धातुशोधक उगाचच कुरकुरतो. समुद्रकिनाऱ्यावरील ओली, खारट वाळू विजेची वाहक असते, म्हणून तीही त्याला फसवते. जवळची वीजवाहिनी, दुसरा धातुशोधक, हलणारी जोडतार यांचाही असाच उपद्रव होतो.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम वेटोळे हवेत स्थिर धरा. तरीही आवाज येत असेल, तर जमीन निर्दोष आहे. जोडतार तपासा, विजेच्या तारांपासून दूर जा. हवेत शांत असलेले उपकरण जमिनीजवळ नेताच वाजू लागले, तर खनिजांचा संशय घ्या आणि उपकरण त्या जमिनीशी जुळवून घ्या. वेटोळे दोन्ही दिशांनी फिरवून त्याच जागी पुन्हा पुन्हा आवाज येत असेल, तरच तो विश्वासार्ह माना. संवेदनशीलता कमी केल्यास खोटे संकेत थांबतात. पण क्षीण असे खरे संकेतही त्यांच्याबरोबर हरवतात. सुरुंग शोधणाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याला प्रत्येक संकेत खरा समजूनच पुढे जावे लागते.

आता खोलीकडे वळू. वेटोळ्याच्या त्रिज्येच्या मानाने अंतर बरेच असेल, तर चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. धातूकडून परतणारे क्षेत्रही तसेच घटते. म्हणून संकेत अंतराच्या सहाव्या घाताने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले, तर संकेत उरतो फक्त १/६४! उलट, एकाच धातूच्या भरीव गोळ्यांचा संकेत साधारणपणे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा २० सेंमी. खोलीवरचा १ सेंमी. व्यासाचा गोळा आणि ४० सेंमी. खोलीवरचा ४ सेंमी. व्यासाचा गोळा सारखाच संकेत देतील. खोली दाखवणारा काटा बहुधा नाण्याएवढी वस्तू गृहीत धरतो. वस्तू मोठी निघाली, की त्याचे उत्तर चुकते.

यातून सुटण्याची एक युक्ती आहे. संकेताची तीव्रता मोजा, वेटोळे १० सेंमी. वर उचला आणि पुन्हा मोजा. लहान गोळ्याचे अंतर २० वरून ३० सेंमी. होईल, म्हणजे दीडपट. दीडचा सहावा घात सुमारे ११.४, म्हणून संकेत सुमारे १/११ होईल. मोठ्या गोळ्याचे अंतर ४० वरून ५०, म्हणजे सव्वापट होईल आणि संकेत सुमारे १/४ एवढाच उतरेल. या गुणोत्तरात वस्तूचा आकार येतच नाही, खोली मात्र कळते! जमिनीचा परिणाम वगळण्यासाठी शेजारच्या मोकळ्या जागीही हीच मोजमापे घेऊन ती वजा करावीत.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी: वेटोळे १० सेंमी. उचलल्यावर संकेत १/६४ झाला, तर वस्तू किती खोल असेल?