वसतिगृहास निघालेल्या विद्यार्थ्याचे औषधी गाठोडे

प्रवेशप्रक्रिया आटोपू लागली, की पुण्यातील वैद्याच्या दवाखान्यात आणि आयुर्वेदिक औषधालयात एक ठरावीक प्रश्न ऐकू येऊ लागतो. ‘मुलगा वसतिगृहात राहणार आहे, बरोबर काय काय देऊ?’ विचारणारी बहुधा आई असते. हाती यादी असते आणि यादीत चार चूर्णे, दोन काढे, एक अवलेह, एक स्मरणशक्तीचे औषध व ‘ताप-सर्दीला काहीतरी’ असे सर्व लिहिलेले असते. या यादीचे आपण काय करतो, याचा विचार व्यवसायबंधूंनी आणि औषधविक्रेत्यांनी एकदा एकत्र करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पुण्यात शिकण्यासाठी बाहेरगावाहून येण्याची परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाचा पाया येथे घातला गेला. १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. १९०२ साली विनायक दामोदर सावरकर त्याच महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहावयास आले व त्यांची खोली आजही जतन केलेली आहे. रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना १९३३ ची. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. वारावर जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याचे सामान म्हणजे वळकटी, पत्र्याची पेटी व तांब्या. आजच्या विद्यार्थ्याजवळ संगणक आहे, चाकांची बॅग आहे; तो वसतिगृहात किंवा पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहतो आणि मेसचा डबा खातो. सामान बदलले, तरी घर सोडताना शरीरावर होणारा परिणाम तोच राहिला आहे.

देश, काल आणि अग्नी

गाठोडे बांधण्यापूर्वी विद्यार्थी कोठून येतो हे विचारावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा मुलगा आनूप देशातून येतो. भात, मासे, नारळ हे त्याचे ओकसात्म्य. लातूर-बीडची मुलगी जांगल देशाकडे झुकणाऱ्या भागातून येते. ज्वारीची भाकरी आणि डाळ हे तिचे नित्याचे अन्न. दोघेही पुण्यातील एकाच मेसमध्ये मैद्याकडे झुकलेली पोळी, तेलकट रस्सा व सोडा घातलेला पदार्थ खाऊ लागतात. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते. त्या रात्री बाहेरचे जे मिळेल ते खाल्ले जाते आणि सोमवारी सकाळी तक्रार सुरू होते.

शिवाय हे स्थलांतर होते ते ऐन वर्षा ऋतूत. ग्रीष्माने दुर्बल झालेला अग्नी वर्षेत अधिक मंदावतो व वात प्रकुपित होतो, हे ऋतुचर्येचे सूत्र आपणा सर्वांस पाठ आहे. म्हणजे देश बदलला, अन्न बदलले, पाणी बदलले आणि कालही प्रतिकूल, असे चारही बदल एकाच आठवड्यात होतात. सवयीचे सोडणे आणि नव्याचे घेणे हळूहळू, पादांशिक क्रमाने व्हावे असे चरकाचार्य सांगतात. वसतिगृहाच्या पहिल्या दिवशी नेमके याच्या उलट घडते. त्यामुळे प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात दिसणारे आध्मान, मलावष्टंभ, अतिसार व अनिद्रा ही बहुतांशी असात्म्याची लक्षणे असतात. त्यांना औषधांच्या राशीपेक्षा घरच्या अन्नाचा एक धागा अधिक उपयोगी पडतो.

पहिला प्रश्न : तेथे करता काय येईल?

आपण लिहून देतो ते औषध तेथे घेता येईल का, हा विचार चिकित्सेचाच भाग आहे. बहुतेक वसतिगृहांत शेगडी चालत नाही, विजेची किटलीही अनेक ठिकाणी निषिद्ध असते. तेव्हा काढ्याची भरड देणे म्हणजे कपाटात धूळ खाण्यासाठी पुडा देणे होय. जेथे विस्तव नाही तेथे काढा नाही. खोलीत तिघे-चौघे राहतात, कपाट एकच असते, पावसाळ्यात भिंतीस ओल येते. उघड्या कागदी पुडीतील त्रिफळा किंवा सुंठ महिन्याभरात दमट होते व बुरशी धरते. सिद्धघृते व अवलेह यांना ओला चमचा लागला, की तीच गत. आसवारिष्टांत संधानाने उत्पन्न झालेले मद्य असते. मूळ लेबल नसलेली द्राक्षासवाची बाटली वसतिगृहाच्या रेक्टरांना सापडली, तर मुलाला खुलासा करता करता पुरेवाट होते. म्हणून आसव द्यावयाचेच असेल, तर ते मूळ बाटलीत, लेबलासह आणि चिठ्ठीसह द्यावे.

काय द्यावे

प्रकृती पाहून फेरफार करावयाचा आहे हे गृहीत धरून, सर्वसाधारणपणे पुढील सामग्री पुरेशी ठरते.

१. लहान बरणीत गाईचे तूप आणि मेतकूट. मेसच्या गरम भातावर दोन्ही घेतले, की अनोळखी अन्न पचण्यास साहाय्य होते आणि घरची चवही टिकते.

२. साळीच्या लाह्या, खजूर, काळ्या मनुका, राजगिऱ्याचे लाडू. रविवारच्या संध्याकाळी आणि परीक्षेच्या जागरणात उपयोगी. वमन-अतिसारात लाह्यांसारखे लघु अन्न दुसरे नाही.

३. हिंग्वाष्टक चूर्ण, हवाबंद डबीत, ५० ग्रॅमपेक्षा अधिक नको. पहिल्या घासास तुपाबरोबर.

४. सुंठ चूर्ण थोडेसे, आणि कोरड्या खोकल्यासाठी ज्येष्ठमधाच्या कांड्या. सितोपलादि चूर्णात खडीसाखर बरीच असल्याने मधुमेही विद्यार्थ्यास ते देऊ नये.

५. तिळाचे तेल. आठवड्यातून एकदा अभ्यंग, आणि रोज झोपताना पादाभ्यंग. घरापासून दूर पहिल्यांदाच झोपणाऱ्या मुलास पाच मिनिटांचे पादाभ्यंग झोपेच्या औषधापेक्षा हितकर असते.

६. झाकणाचा थर्मास व स्वतंत्र पाण्याची बाटली. मेसमधून उकळलेले पाणी सकाळीच भरून घ्यावे.

७. मच्छरदाणी, तापमापक, जलसंजीवनीची पाकिटे व मलमपट्टीचे साहित्य.

या यादीत औषधे कमी आणि वस्तू अधिक आहेत. ते हेतुपुरस्सर आहे. पाण्याविषयी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचा उद्रेक झाला. संशयित व निश्चित मिळून दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि दूषित पाण्याचा संबंध तपासण्यात आला. हा उद्रेक पावसाळ्यातला नव्हता, भर थंडीतला होता. म्हणून उकळलेल्या पाण्याचा नियम केवळ वर्षा ऋतूपुरता न ठेवता वर्षभर पाळावा, असे सांगणे आता आपले कर्तव्य आहे.

काय देऊ नये

येथे औषधविक्रेत्यांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे अपाय नाही’ असे ग्राहक समजतो आणि आपणही पुष्कळदा त्याच्या समजुतीस धक्का लावीत नाही. त्रिभुवनकीर्ती रस घ्या. सर्दी-तापासाठी तो सर्रास मागितला जातो. त्यात हिंगुळ आहे, वत्सनाभ आहे, धोत्र्याची भावना आहे. अग्नितुंडी वटीत कुचला आहे. आरोग्यवर्धिनीत पारद, गंधक व ताम्रभस्म आहे. ही उत्तम औषधे आहेत, परंतु ती मात्रा, काल व अवस्था पाहून वैद्याने द्यावयाची आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, धत्तूर, कुपीलु, भल्लातक, पारद आदी द्रव्ये समाविष्ट आहेत आणि ती असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना वसतिगृहाच्या खोलीत कोण वाचणार? एकाच्या डबीतील गोळ्या चौघे वाटून घेतात. एकास दोन, दुसऱ्यास चार, तिसऱ्याचा रक्तदाब आधीच कमी. सारांश, अनुसूचीतील द्रव्ये असलेला कोणताही कल्प वसतिगृहाच्या गाठोड्यात नसावा.

दुसरा प्रकार चूर्णांच्या पुनरुक्तीचा. मागील वर्षी एक अठरा वर्षांची विद्यार्थिनी पोटात मुरडा व अशक्तपणा घेऊन दवाखान्यात आली. विचारता विचारता तिच्या पिशवीतून तीन पुड्या निघाल्या. एक आजीने दिलेली, एक मामांनी आणलेली, एक बाजारातून घेतलेली. कोणत्याही पुडीवर नाव नव्हते. तिन्हींत सोनामुखी होती. मलावष्टंभ मूळचा होताच. पण तो कशाने? वसतिगृहात सकाळी स्वच्छतागृहापुढे रांग लागते, पहिला तास साडेसातचा असतो, म्हणून ती वेगच धारण करीत असे. चूर्णे बंद करून सकाळी अर्धा तास लवकर उठणे, कोमट पाणी व जेवणात तूप एवढ्यावर तिचे काम झाले. चरकाचार्यांनी वेगधारणाच्या निषेधासाठी एक स्वतंत्र अध्याय का योजला, हे अशा वेळी कळते. विशेषतः विद्यार्थिनींना मूत्रवेग न रोखण्याविषयी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. संकोचामुळे त्या विचारीत नाहीत.

तिसरा प्रकार ‘स्मरणशक्तीच्या’ औषधांचा. ब्राह्मी-शंखपुष्पीचे कल्प योग्य रुग्णास अवश्य द्यावे. परंतु रात्री दोनपर्यंत जागून सकाळी गोळी घेणाऱ्यास मेध्य रसायन काय करणार? रात्रीच्या जागरणाने रूक्षता वाढते. आधी झोप, मग रसायन, हा क्रम पालकांना सांगण्यास आपण कचरू नये.

मुदत आणि लेबल

शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णांचे वीर्य दोन महिन्यांनी आणि गुटी व लेह यांचे एका वर्षाने क्षीण होते असे सांगितले आहे. आसवे व रसकल्प मात्र जुने झाल्याने गुणवान होतात. आधुनिक नियमांत २००९ साली १६१-ब हा नियम आला आणि आयुर्वेदिक औषधांवर मुदतीची तारीख घालणे आवश्यक झाले. त्यातील मुदत बंद वेष्टनासाठी आहे. डबी उघडल्यानंतर, पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात, शार्ङ्गधरांचे दोन महिनेच व्यवहारात खरे मानावे. विक्रेत्याने सुटे चूर्ण देताना नाव, घटक, दिनांक आणि मात्रा असलेली चिठ्ठी डबीस चिकटवावी. यास अर्धे मिनिट लागते. रात्री अकरा वाजता एखाद्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ‘याने काय घेतले होते?’ असे डॉक्टर विचारतील, तेव्हा त्या चिठ्ठीचे मोल कळेल.

तापाविषयी एक कडक नियम

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पुण्यात डेंग्यूचे रुग्ण आढळतात. २०२४ च्या पावसाळ्यात येथे झिकाचेही रुग्ण सापडले. वसतिगृहातील मुलगा ताप आला, की जवळची गोळी घेतो, पांघरूण घेऊन पडतो आणि घरी फोनवर ‘बरा आहे’ म्हणतो. म्हणून निघण्यापूर्वीच त्यास सांगावे : ताप मोजावा, लिहून ठेवावा, दोन दिवसांत न उतरल्यास रक्त तपासून घ्यावे, अंगावर चट्टे, हिरड्यांतून रक्त, पोटात तीव्र वेदना, सतत वांती किंवा पायांतील शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. ज्यास दमा, अपस्मार, मधुमेह यांसारखा व्याधी आहे, त्याचे चालू औषध आपल्या सल्ल्याखेरीज बंद होणार नाही, याची ग्वाही पालकांकडून घ्यावी.

आपले काम

यादी वाढविण्यात विक्रेत्याचा तात्कालिक लाभ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यादी कमी करणाऱ्या वैद्याकडे आणि विक्रेत्याकडे तेच कुटुंब पुढील वीस वर्षे येत राहते. माझी सूचना अशी की, प्रत्येक विद्यार्थ्यास एक अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी. तीवर त्याची प्रकृती, चालू औषधे, असात्म्य द्रव्ये, रक्तगट, घरचा व वैद्याचा दूरध्वनी आणि वर दिलेली तापाची सूचना असावी. ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी, म्हणजे खोलीतील सोबत्यासही उपयोगी पडेल. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी जाताना किंवा परतताना एकदा बोलावून अग्नी, निद्रा व वजन पाहावे. शरदातील पित्तप्रकोप आणि सत्रपरीक्षा एकाच वेळी येतात. तेव्हा गाठोड्यात बदल करण्याची ती योग्य वेळ.

जिल्हा संघटनांनी आपल्या सभासदांकरिता अशी चिठ्ठी एकसारख्या नमुन्यात छापून घेतली, तर खर्च अत्यल्प आणि उपयोग मोठा होईल. येत्या प्रवेशाच्या हंगामापूर्वी या विषयावर शाखांच्या बैठकीत चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.