सॉफ्ट स्किल्सची तालीम

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ‘सॉफ्ट स्किल्स’ची दोन दिवसांची कार्यशाळा ठरलेली असते. बाहेरून आलेले सर स्लाइड दाखवतात, टीमवर्कचा एखादा खेळ घेतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. पुढे मुलाखतीत सगळी मुलं तीच घोटीव उत्तरं देतात. आता तर गुळगुळीत अर्ज आणि ईमेल चॅटजीपीटीच लिहून देतं. ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासोबत काम तडीस नेणं मात्र ज्याचं त्यालाच जमवावं लागतं.

ते जमवताना मुलं पाहायची असतील, तर पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जावं. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. हिने रंगभूमीला किती नट दिले, याच्या गप्पा नेहमीच रंगतात. मला बॅकस्टेजवाल्यांचं कौतुक जास्त.

तालमीला वर्ग मिळावा म्हणून प्राचार्यांना गळ घालायची, हजेरीवरून चिडलेल्या मॅडमना समजवायचं, नेपथ्यासाठी कुणाच्या तरी आजीचा पलंग ‘नीट परत आणतो’ म्हणून टेम्पोत घालायचा, वर्गणीचा हिशेब चोख ठेवायचा. संवादकौशल्य, वाटाघाटी, आर्थिक शिस्त असं याला कुणी म्हणत नाही. प्रयोगात ब्लॅकआउटच्या काही सेकंदांत लेव्हल, म्हणजे नेपथ्यातला लाकडी चौथरा, हलवायची असते. ती उचलणाऱ्या दोघांचं सकाळी कडाक्याचं भांडण झालेलं असलं, तरी त्या क्षणी दोघांची पावलं एकत्र पडावी लागतात. स्टेजवर कुणी वाक्य विसरला, तर समोरचा त्याला सांभाळून घेतो. रागवायचं ते विंगेत आल्यावर.

अपयशही इथे चारचौघांत पचवावं लागतं. २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची वाटली नाही आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. केवढा गदारोळ झाला! निर्णय पटो न पटो, महिनोन्‌महिने राबून ‘अजून कमी पडतंय’ हे ऐकून घेण्याची सवय कुठल्या कार्यशाळेत लागणार?

सगळं गोडगोड आहे असंही नाही. सीनियरची दादागिरी असते. रात्रीच्या तालमींमुळे कितीतरी मुलींना घरून परवानगी मिळत नाही. एसटीने गावाहून ये-जा करणाऱ्यांचं लक्ष शेवटच्या गाडीकडे. म्हणजे ज्यांना ही संधी सर्वांत जास्त हवी, तेच बाहेर राहतात. तालीम दुपारी ठेवणं कॉलेजच्या हातात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवीला सांस्कृतिक उपक्रम, खेळ, एनएसएस, एनसीसी यांचंही क्रेडिट मिळू लागलं आहे. हे चांगलंच, फक्त त्याचं हजेरीपत्रक होऊ नये.

एक गोष्ट शिक्षकांनी जरूर करावी. स्पर्धा संपली की हार-जीत बाजूला ठेवून मुलांना तासभर बसवावं. भांडण कशावरून झालं, कुणी मिटवलं, पैसे कमी पडले तेव्हा काय केलं, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं. नाहीतर पलंग आणणारा मुलगा मुलाखतीत ‘तुमचा अनुभव?’ या प्रश्नावर सरळ ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो.