मोजणी पूर्ण, वीज कमी

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीच्या शिवारांमध्ये एक यंत्र दिवसरात्र काम करत असतं. खांबावर वाऱ्याचा वेग आणि दिशा टिपणारी उपकरणं, तापमान व आर्द्रतेचे संवेदक, शेजारी पर्जन्यमापक आणि वीज पुरवायला सौर पॅनेल व बॅटरी. राज्य सरकारने २०१७ मध्ये स्कायमेट कंपनीच्या भागीदारीत सुरू केलेल्या ‘महावेध’ प्रकल्पातलं हे स्वयंचलित हवामान केंद्र. महसूल मंडळ हा घटक धरून राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली.

त्यांच्या नोंदीला मोठं वजन आहे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि नुकसानभरपाईचा विचार तिथून सुरू होतो. पीक विम्यातही हवामानाच्या नोंदी पाहिल्या जातात. एक आकडा हुकला, तर एका शेतकऱ्याचा हक्क हुकू शकतो.

दर दहा मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला १४४. दोन हजार केंद्रांच्या मिळून जवळपास २ लाख ८८ हजार. एक नोंद अगदी छोटी असते; पण घरोघरचे स्मार्ट मीटर, पंपांवरची यंत्रं, ओलावा मोजणारे संवेदक यांची भर पडली की पसारा अफाट होतो. आज अशा उपकरणांचा हिशेब बहुतेक वेळा क्लाउडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या ती सुमारे दीड टक्का होते.

बचतीची सुरुवात शिवारातच होते. पर्जन्यमापकातली छोटी डोलती बादली भरली की कलंडते आणि एक स्पंद नोंदवते; त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. खरी वीज खाते ती माहिती पाठवणारी रेडिओ यंत्रणा. म्हणून चांगलं उपकरण बहुतेक वेळ झोपलेलं असतं, ठरल्या वेळी जागं होतं, मोजकं बोलतं आणि पुन्हा झोपतं. असं मोजकं बोलण्यासाठीच अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये एमक्यूटीटी हा संदेशवहनाचा नियम तयार केला. तेलवाहिन्यांवरची यंत्रं उपग्रहामार्फत जोडताना बॅटरी आणि संदेशांचा खर्च वाचवणं हा त्यामागचा हेतू होता.

दुसरी बचत सर्व्हरची. रिकामा बसलेला सर्व्हरही वीज ओढतो; गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की तेव्हाचे सर्व्हर काहीच काम नसताना कमाल विजेच्या जवळपास निम्मी वीज खात होते. त्यामुळे विखुरलेलं काम थोड्या सर्व्हरवर एकवटायचं आणि उरलेले बंद ठेवायचे, हा क्लाउडमधल्या बचतीचा मुख्य मार्ग. जुन्या नोंदी कमी विजेच्या साठवणीत हलवणं आणि घाई नसलेले हिशेब सौर वीज मुबलक असताना उरकणं, हे त्याला जोडून येतं.

पण काटकसर कुठे थांबवायची, हे वाशीमच्या पावसाळ्याकडूनच शिकावं. झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. बॅटरी नीट चार्ज होत नाही, आणि नेमकी तेव्हाच प्रत्येक नोंद मोलाची असते. म्हणून कोरड्या दिवशी नोंदी साठवून एकत्र पाठवाव्यात, पाऊस सुरू होताच लगेच पाठवाव्यात आणि नेटवर्क गेलं तरी उपकरणाने त्या स्वतःच्या स्मृतीत जपाव्यात. बचत वाहतुकीत आणि साठवणीत करावी. मोजणीत कधीच नाही.

केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेत आता ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक पोहोचवायचे आहेत. यंत्रांची संख्या कित्येक पटींनी वाढेल. त्यांच्या खरेदीच्या अटींतच दोन गोष्टी लिहायला हव्यात: एका नोंदीमागे किती वीज लागते आणि उन्हाशिवाय यंत्र किती दिवस तगतं. गावाने पॅनेलवरची धूळ पुसावी, मापकावर झाडाची सावली येऊ देऊ नये आणि ग्रामसभेत आपल्या मंडळाच्या नोंदी मागून पाहाव्यात.