घरच्या सामन्यातील पंच

क्रिकेटचा खेळ आपल्या समाजाने भारतातून येताना सामानसुमानासोबत आणला, हे वाचकांस ठाऊकच आहे. बीरशेबा, अश्दोद, लोद, दिमोना येथील मैदानांवर तो रुजला. १९७४ साली इस्राएलला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे सहसदस्यत्व मिळाले आणि १९७९ साली आपला संघ इंग्लंडमधील आयसीसी चषक स्पर्धेत उतरला. फलंदाज-गोलंदाजांविषयी आपल्या घरांतून पुष्कळ बोलले जाते. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या पंचाविषयी सहसा कोणी बोलत नाही, आणि बोललेच तर ते ऐकण्यासारखे नसते!

वास्तविक या कामात आपल्या समाजाचे नाव मोठे आहे. मुंबईचे जुडा रूबेन यांनी १९६९ ते १९७७ या काळात १० कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केले. १९७७ च्या मद्रास कसोटीत इंग्लंडचा गोलंदाज जॉन लीव्हर याच्या व्हॅसलीन लावलेल्या पट्टीचे प्रकरण देशोदेशी गाजले, तेव्हा मैदानावर पंच म्हणून तेच उभे होते. त्या काळी यजमान देशाचेच पंच असत. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच व २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे नेमण्याची पद्धत आली.

आमच्या गावात त्रयस्थ देश कोठून आणावा? दर वर्षी एका शुक्रवारी सकाळी आमच्याकडे सामना होतो. शब्बाथपूर्वी घरी पोहोचायचे असल्याने षटके थोडी आणि घाई फार. डोळ्यांनी व गुडघ्यांनी खेळणे सोडावयास लावल्यापासून पंचगिरी आमच्याकडे आली. शिक्षकास सवय असते, असे मंडळींचे म्हणणे. गोलंदाज आमचा जुना विद्यार्थी, यष्टिरक्षक शेजारी, धावफलकापाशी आमचे भाऊजी. क्रिकेटच्या नियमांत एक मोठी सोय आहे. क्षेत्ररक्षकांनी विचारल्याखेरीज पंचाने कोणास बाद द्यावयाचे नसते. परंतु आपली मंडळी विचारण्यात कसूर करीत नाहीत. चेंडू पॅडला लागला की सीमेवरचा खेळाडूही हात उंचावून ओरडतो.

नात्यातला पंच नात्यातल्यास झुकते माप देतो, असा सर्वांचा समज आहे. आमचा अनुभव अगदी उलट आहे. अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकविले होते की, स्वतःचे मूल स्वतःच्याच वर्गात असेल तर त्याची उत्तरपत्रिका दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. त्या वेळी वाटले होते, हे गुण वाढू नयेत म्हणून. पुढे वर्गावर उभे राहिल्यावर कळले की, ते गुण कमी होऊ नयेत म्हणूनही असते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा भाचा ४६ धावांवर खेळत होता. सैन्यातून दोन दिवसांच्या रजेवर आला होता. चेंडू बॅटजवळून यष्टिरक्षकाच्या हातांत गेला. आवाज झाला, एवढे नक्की. बॅटचा की पॅडचा, हे आम्हांस उमगले नाही. शंका असेल तर तिचा फायदा फलंदाजास, हे आम्ही मुलांना किती वेळा सांगितले असेल! पण सारी मंडळी आमच्याकडे पाहत होती, आणि ‘मामाने वाचविला’ हे शब्द कोणी उच्चारण्यापूर्वीच आमच्या कानांत वाजले. बोट वर गेले.

तो काही बोलला नाही. पॅडकडे एकदा पाहिले आणि चालू लागला. दिलेला निर्णय पंचाला बदलता येतो, मात्र तो तत्काळ बदलावा लागतो. तेवढे धैर्य आमच्यापाशी नव्हते. संघ ९ धावांनी हरला. भाऊजी त्या दिवशी आमच्याशी बोलले नाहीत. ताईने मात्र रात्री फोन करून जेवलात का, एवढेच विचारले.

पुढे त्याची सैन्यातील सेवा संपली, तेव्हा ताईकडे मलिद्याचा कार्यक्रम झाला. एलियाहू हानवीची प्रार्थना आटोपली. पोहे, खोबरे, फळे यांचे ताट घेऊन भाचाच सर्वांस वाढत होता. आमच्यापाशी आल्यावर त्याने हळूच विचारले, “मामा, तुम्हाला खरंच आवाज आला होता?”

“आवाज आला होता,” आम्ही म्हणालो, “पण बॅटचा होता असं मला सांगता येत नव्हतं. तरी बोट वर केलं. चुकलो.”

“पॅडचा होता,” तो म्हणाला, आणि आमच्या बशीत आणखी एक खजूर ठेवून पुढच्या पाहुण्याकडे गेला.

यंदाही तारीख ठरली आहे. पंच म्हणून आमचेच नाव घातले आहे. आम्ही विनंती केली आहे की, भाचा खेळपट्टीवर असेल तेवढी षटके दुसऱ्या कोणीतरी उभे राहावे. अद्याप कोणी तयार झालेले नाही.