दोन शाखा, एक पूर्वज

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या 'गिट' या प्रणालीत दूरच्या सर्व्हरवरची ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, 'फेच' केली की तिची ताजी स्थिती आपल्या संगणकावर येते, आपल्या कोडला धक्का लागत नाही. कस लागतो तो मर्ज करताना, म्हणजे दोन ब्रँच एकत्र करताना. गिट आधी दोन्ही ब्रँचचा जवळचा समान पूर्वज शोधते आणि तिन्ही रूपे ताडून पाहते. एकाच बाजूने बदललेली ओळ ते स्वतः स्वीकारते. दोन्हीकडे तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर थांबून निर्णय माणसावर सोपवते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले. पण पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१९ पासून याहून अवघड कोडे सोडवत होते: महाभारताची चिकित्सक आवृत्ती. महाभारताच्या पोथ्या काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत पसरलेल्या. उत्तरेची आणि दक्षिणेची शाखा शतकानुशतके वेगवेगळी वाढलेली, आणि समान पूर्वज मात्र हरवलेला! या आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर यांनी तो अनुमानाने उभा केला. एकमेकींशी संबंध न आलेल्या शाखा जिथे जुळतात, तो पाठ जुना. जिथे जुळत नाहीत, तिथे संपादकाचा विवेक. शंकास्पद पाठाखाली त्यांनी नागमोडी रेघ दिली. वगळलेले श्लोकही फेकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची लाडकी कथासुद्धा परिशिष्टात गेली; याला धैर्य लागते. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि पुढे नेपाळमधल्या एका जुन्या पोथीने त्यांच्या अनेक निर्णयांना दुजोरा दिला.

सगळ्यांत मोठा त्रास दिला तो जुन्या लेखनिकांनी. शेजारच्या पोथीतले श्लोक आवडले, की ते आपल्या पोथीत उतरवून घ्यायचे. कुठून घेतले याची नोंद नाही. म्हणजे नोंद न ठेवता केलेले मर्ज. त्यामुळे पोथ्यांची वंशावळच गढूळ झाली. गिटच्या मर्ज कमिटमध्ये, म्हणजे मर्जच्या नोंदीत, दोन्ही पालकांची ओळख कायम राहते, आणि मला तोच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. 'स्क्वॉश' केले, म्हणजे ब्रँचचे सगळे बदल एकाच साध्या कमिटमध्ये दाबून बसवले, की इतिहास नीटस दिसतो, पण दुसऱ्या पालकाचा दुवा तुटतो. तीच ब्रँच पुढे चालू ठेवली, तर पुढच्या मर्जला गिटला जुनाच पूर्वज सापडतो आणि मिटवलेले तंटे पुन्हा उभे राहू शकतात.

सुखटणकर १९४३ मध्ये गेले. १,२५९ हस्तलिखितांचा आधार घेतलेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. हिंजवडीत, बाणेरला कोड लिहिणाऱ्या तरुणांनी एकदा लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊन ते खंड उघडावेत. आणि पुढच्या वेळी तंटा सोडवताना कोणता बदल ठेवला, कोणता सोडला आणि का, हे कमिटच्या संदेशात लिहावे.