वज्रसूची आणि टंक : एकाच ग्रंथांतील दोन मतें

न्यायशास्त्रांत कथेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन भेद सांगितले आहेत. जल्प विजयासाठीं, वाद तत्त्वनिर्णयासाठीं. गेल्या शतकापूर्वींच्या ख्रिस्ती-हिंदु विवादांची गणना बहुधा जल्पांतच केली जाते. तथापि ज्याला वाद म्हणतां येईल असा एक ग्रंथ १८३९ सालीं छापला गेला. संग्राहकांसाठीं त्याचा परिचय येथें करून देत आहों.

भोपाळ संस्थानांतील सिहोर येथें लॅन्सलॉट विल्किन्सन हे पोलिटिकल एजंट होते. आधीं सिद्धान्तग्रंथांच्या आधारें पौराणिक भूगोलाचें निरसन करावें व मग कोपर्निकसचें मत शिकवावें, ही त्यांची पद्धति. या कामीं त्यांना सुबाजी बापू या पंडितांचें साहाय्य लाभलें. सुबाजींनीं १८३६ सालीं ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ रचून तेंच मत मांडलें. ज्योतिषांत दोघे एक होते, धर्मांत नव्हते.

पुढें विल्किन्सन यांनीं ‘वज्रसूची’ छापविली. अश्वघोषाच्या नांवावर चालणारा हा बौद्ध ग्रंथ ब्राह्मण्य व जातिभेद यांचें खंडन करतो. चिनी परंपरेंत तो धर्मकीर्तीचा म्हणून प्रसिद्ध आहे. पण कर्ता कोणीही असो, सुबाजींना तो मान्य होणें शक्य नव्हतें. त्यांनीं ‘टंक’ नांवाचें उत्तर लिहिलें. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. सुईस छिन्नीनें दिलेलें हें उत्तर विल्किन्सन यांनीं मूळ ग्रंथासोबत त्याच पुस्तकांत छापलें.

त्याच वर्षीं जॉन म्यूर यांची ख्रिस्ती मताचें मंडन करणारी संस्कृत ‘मतपरीक्षा’ निघाली. तिचें खंडन ‘मतपरीक्षाशिक्षा’ या नांवानें ‘सोमनाथ’ यानें केलें. हा सोमनाथ म्हणजे सुबाजीच, असें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. म्हणजे ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या सहवासांत राहून पंडितांनीं ख्रिस्ती मतावर लेखणी चालविली. साहेबांचा मान राखण्यासाठीं पंडितांनीं मत झांकलें नाहीं. अधिकार हातीं असून साहेबांनीं पंडितांचें उत्तर दडपलें नाहीं. आमच्या मतें मैत्रीची कसोटी हीच.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जीर्ण प्रत पुन्हां बांधवितांना वज्रसूची एकीकडे व टंक दुसरीकडे करूं नये, आणि सूचींतही दोहोंची नोंद परस्परांचा निर्देश करूनच घ्यावी. एकत्र असतील तरच तीं पानें या स्नेहाची साक्ष देतील.